परिषदेला मुंबईला गेलो, तर जेवायचं कुठं?

पुढच्या महिन्यात आपल्या गटांतल्या पंधरा जणी दोन दिवसांच्या परिषदेसाठी मुंबईला निघाल्यात. मागच्या मासिक बैठकीत याच्यावर पाऊण तास चर्चा झाली. साडी कोणती नेसायची, मनोगत कोण मांडणार, फोटो कोण काढणार, सगळं ठरलं. जेवणाचा प्रश्न मात्र एकीनंही काढला नाही. आणि आम्ही सहयोगिनी म्हणून जितक्यांदा बायकांना घेऊन मुंबईला गेलो, तितक्यांदा हाल झाले ते जेवणाचेच. म्हणून आजचा हा अर्धा तास फक्त पोटासाठी.

आपल्या बायकांची एक सवय आम्ही पाहत आलोय. परगावी गेलं की खाणं कमी करायचं आणि पाणी त्याहून कमी. पाणी कमी, कारण संडास कुठं सापडेल याची खात्री नसते. खाणं कमी, कारण भत्त्याचे पैसे वाचले तर पोरांना काहीतरी नेता येतं. आणि तिसरं कारण कुणी तोंडानं बोलत नाही, ते म्हणजे नवरा किंवा भाऊ बरोबर नसताना हॉटेलात शिरून टेबलावर बसायची भीड. आत गेलो तर काय मागायचं, वेटर काय म्हणेल, बिल किती येईल, या विचारात बाई दारातूनच मागं फिरते आणि म्हणते, "मला भूकच नाही."

दोन वर्षांमागं आमच्याबरोबर साखरेचा त्रास असलेल्या एक मावशी होत्या. सकाळी त्यांनी नेमानं गोळी घेतली. नाष्ट्याला मात्र चहा आणि दोन बिस्किटं, कारण "दुपारी तिथं जेवण आहेच की." दुपारचं जेवण दीडला होतं, ते पाहुण्यांच्या भाषणांपायी अडीचवर गेलं. दीडच्या सुमाराला मावशींचे हात थरथरायला लागले, घाम फुटला, समोरचं दिसेना. शेजारच्या बाईच्या पिशवीत गूळ-शेंगदाणे होते म्हणून वेळ निभावली. नंतर आपल्या दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं, की साखरेच्या काही गोळ्या तुम्ही खाल्लं काय, न खाल्लं काय, आपलं काम करतातच. पोटात अन्न नसेल तर रक्तातली साखर खाली जाते आणि माणूस बेशुद्धही पडू शकतो. तेव्हा "वाचवलं" म्हणून आपण जे समजतो, ते कधीकधी फार महागात जातं.

आता कामाचं बोलू. आधी निमंत्रणाचं पत्र नीट वाचायचं. त्यात "हॉटेलमध्ये व्यवस्था केली आहे" असं लिहिलेलं असतं. आपल्याकडं हॉटेल म्हणजे चहा-भज्यांचं. त्यामुळं मागच्या खेपेला दोघी-तिघींचा समज झाला की हॉटेलात सोय आहे म्हणजे खायचं फुकट आहे. तसं नसतं. मुंबईच्या पत्रात हॉटेल म्हणजे राहायची खोली. बहुतेक परिषदांत दुपारचं जेवण आणि दोन वेळचा चहा सभागृहात मिळतो. सकाळचा नाष्टा कधी खोलीच्या भाड्यात असतो, कधी नसतो. रात्रीचं जेवण आणि पोहोचलेल्या दिवशीची सकाळ ही बहुतेक वेळा कुणाच्याच हिशेबात नसते. पत्र आलं की संयोजकांना फोन करून विचारायचं, की कोणत्या दिवसाचं कोणतं जेवण तुमच्याकडं आणि कोणतं आमच्याकडं? हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. उत्तर रजिस्टरात लिहून घ्या.

आपली परिषद यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानात आहे, नरिमन पॉइंटला, मंत्रालयाच्या समोर. राहायचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे सीएसएमटी स्टेशनच्या जवळच्या लॉजमध्ये. कुर्डुवाडीहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी याच स्टेशनात उतरवते, त्यामुळं ते सोयीचं. लॉजपासून सभागृह चालत जाण्यासारखं नाही, म्हणजे उन्हात पंधरा जणींना घेऊन तर नाहीच. पण आता २०२५ च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो तिथवर जाते. सीएसएमटीहून बसायचं, मधे हुतात्मा चौक आणि चर्चगेट, आणि तिसऱ्या स्टेशनला उतरायचं, विधान भवन. हे मेट्रोचं आत्ताच का सांगतोय ते पुढं कळेल, कारण जेवणासाठीही हीच गाडी उपयोगाची आहे.

मुंबईत खाण्याचा पहिला नियम आमच्या अनुभवातला असा: मोठ्या हॉटेलच्या सावलीत जेवू नये. नरिमन पॉइंटला समुद्राकडेला देशातली महागडी हॉटेलं उभी आहेत. तिथल्या जागेचं भाडं इतकं, की चहाच्या कपातसुद्धा ते भाडं मिसळलेलं असतं. शिवाय कराचाही फरक आहे. साध्या हॉटेलात जेवणाच्या बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो. जिथं खोलीचं एका दिवसाचं भाडं साडेसात हजारांच्या वर जातं, अशा हॉटेलातल्या जेवणावर तोच कर १८ टक्के. बाहेरून काच चकाकते म्हणून हौसेनं चहा प्यायला शिरलात तर कराचे पैसेच आपल्या गावच्या चहाएवढे होतील.

मग कुठं जेवायचं? जिथं कारकून, शिपाई, बँकेतल्या बाया, टॅक्सीवाले जेवतात तिथं. त्यांना रोज खायचं असतं, त्यामुळं महाग देऊन चालत नाही. तेच गिऱ्हाईक उद्या पुन्हा यायचं असतं, त्यामुळं वाईट देऊनही चालत नाही. आणि गर्दी असली की अन्न पडून राहत नाही, कढईतून थेट ताटात येतं. अनोळखी गावात पोट सांभाळायचं तर गर्दीसारखी दुसरी पावती नाही.

पण या भागाचं एक घड्याळ आहे. नरिमन पॉइंट, चर्चगेट, फोर्ट हा सगळा कचेऱ्यांचा मुलूख. दुपारी एक ते दोन तिथं मुंगीला जागा नसते. बारा-साडेबाराला किंवा अडीचनंतर गेलं तर बसायला मिळतं. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की रस्त्यावरच्या गाड्या आवरायला लागतात, आणि रात्री आठनंतर नरिमन पॉइंटला फिरायला आलेली माणसं सोडली तर पोटभर साधं जेवण शोधणं अवघड. सुट्टीच्या दिवशी तर विचारूच नका. राज्य सरकारच्या कचेऱ्यांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, म्हणजे मंत्रालयाच्या आसपास शनिवारीही शुकशुकाट. आपली परिषद शुक्रवार-शनिवार आहे. शुक्रवारी जी गाडी बघून ठेवाल ती शनिवारी तिथं नसेल, हे ध्यानात ठेवा. मंत्रालयात उपाहारगृह आहे, पण आत जायला पास लागतो. तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.

आता सीएसएमटीपासून सुरू करू, कारण सकाळी तुम्ही तिथंच उतरणार.

गाडीतून उतरल्या उतरल्या सगळ्यांनी आधी स्टेशनातल्या प्रतीक्षालयात तोंड धुऊन, संडासला जाऊन घ्यायचं. लॉजची खोली दुपारी बाराशिवाय देत नाहीत असं बऱ्याच ठिकाणी असतं. तसं असेल तर आंघोळीचं कुठं, तेही आधी फोनवर विचारून ठेवा. मग स्टेशनच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडं कॅपिटॉल सिनेमाची जुनी इमारत दिसते. तिथं कोपऱ्यावर 'आराम' आहे. वडापाव खाणाऱ्यांची बाहेर गर्दी असते, पण आत बसायची जागाही आहे. मिसळ, थालीपीठ, कोथिंबीर वडी, साबुदाणा, पियुष असं सगळं मराठी खाणं. पाटीवर मराठीत लिहिलेलं वाचता येतं आणि मराठीत मागता येतं, हे पहिल्यांदा येणाऱ्या बाईला फार धीर देणारं असतं. आमच्या मते पहिलं खाणं इथंच करावं. एकदा टेबलावर बसून स्वतः मागवून खाल्लं, की पुढच्या हॉटेलात पाय अडखळत नाही. उपवास असणाऱ्यांचीही सोय होते, आणि आपल्यात कुणाचा ना कुणाचा उपवास असतोच.

स्टेशनच्या त्याच बाजूला फोर्टातल्या बोरा बाजार भागात, पेरीन नरिमन रस्त्यावर 'पंचम पुरीवाला' आहे. शंभर वर्षांहून जुनं दुकान. पुरी आणि बटाट्याची भाजी, एवढ्यावर ते चालत आलंय. पुऱ्या गरम, भाजी सढळ. जागा अडचणीची आहे, टेबलावर अनोळखी माणसं शेजारी बसतात. ते तिथं सगळेच करतात, त्यात कुणी वावगं मानत नाही. पोट लवकर आणि स्वस्तात भरतं. मात्र तेलकट आहे. पित्त असणाऱ्यांनी सकाळी सकाळी टाळावं.

महापालिकेच्या मोठ्या इमारतीजवळ 'कॅनन'ची पावभाजी मिळते. ती उभ्यानं खायची. संध्याकाळी सहाला भूक लागली तर ठीक, पण दिवसभर पावावर काढू नका. आपल्या पोटाला भाकरीची सवय, दोन दिवस पाव नि मैदा गेला की तिसऱ्या दिवशी पोट फुगतं आणि मुंबईच्या पाण्याला दोष दिला जातो.

मासळी खाणाऱ्या असतील त्यांच्यासाठी फोर्टातच 'प्रदीप गोमंतक भोजनालय' आहे. मासळीची थाळी मागवली की मासा, आमटी, भात, सोलकढी असं येतं. आपल्या सोलापूरकडं ताजा समुद्राचा मासा कुठं मिळतो? एकदा खाऊन बघायला हरकत नाही. फक्त माशाचे भाव रोजच्या बाजारावर असतात. सुरमई-पापलेट महाग, बांगडा स्वस्त. मागवण्याआधी आजचा भाव विचारायचा, मग बसायचं.

सगळ्यात स्वस्त हवं असेल तर स्टेशनातच रेल्वेचं जनता खाणं मिळतं. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लोणचं. पाकीट बंद असतं आणि किंमत रेल्वेनं ठरवलेली असते. पाण्याची एक लिटरची रेल नीर बाटली सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना झाली. विक्रेता वीस म्हणाला तर बाटलीवर छापलेलं दाखवायचं.

आता चर्चगेटकडं. सभागृहातलं जेवण हुकलं, किंवा उरलं नाही, किंवा कुणाला मसालेदार चालत नाही, तर विधान भवनहून मेट्रोनं एकच स्टेशन. चालत पंधरा-वीस मिनिटं. आयकर भवनाच्या मागं, एसएनडीटी विद्यापीठाच्या बाजूच्या गल्लीत खाऊ गल्ली आहे. एसएनडीटी म्हणजे महर्षी कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेलं बायकांचं विद्यापीठ. त्यामुळं या गल्लीत मुलींची, नोकरदार बायकांची वर्दळ असते, आणि एकट्या बाईला उभं राहून खाताना अवघडल्यासारखं होत नाही. डोसा, पुलाव, सँडविच, पराठे असं खूप काही मिळतं. इथं डोळा उघडा ठेवायचा. तव्यावरून उतरलेलं, वाफ निघत असलेलं खा. कापून ठेवलेली फळं, बर्फ घातलेला रस, सकाळपासून डब्यात असलेली ओली चटणी, हे नको. पाणी आपल्या बाटलीतलं.

रात्रीच्या जेवणासाठी आमचा सल्ला असा की कचेऱ्यांचा मुलूख सोडून माणसं राहतात तिथं जायचं. त्याच मेट्रोनं सीएसएमटीच्या पुढं काळबादेवी आणि मग गिरगाव स्टेशन लागतं. गिरगाव म्हणजे जुनी मराठी वस्ती. ठाकूरद्वारजवळ 'विनय' आहे, तिथली मिसळ प्रसिद्ध. याच गिरगावात १५ मार्च १९५९ ला सात बायकांनी उसने ऐंशी रुपये घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली होती. तो लिज्जत पापड. आपल्या गटाच्या पापडाला पहिल्यांदा गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा आम्ही हे बैठकीत सांगितलेलं तुम्हाला आठवत असेल.

हातात वेळ असेल तर दादर. सीएसएमटीहून लोकलनं किंवा मेट्रोनं जाता येतं. पण संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ लोकलमध्ये पंधरा जणी एकत्र चढणं म्हणजे जत्रेत पोर हरवण्याचा धंदा. त्या वेळात मेट्रो बरी. दादर पश्चिमेला स्टेशनच्या अगदी जवळ 'मामा काणे' आहे, १९१० पासूनचं. बटाटेवडा चांगला. पुढं गोखले रस्त्यावर 'प्रकाश', तिथला साबुदाणा वडा आणि पियुष. आणि शिवसेना भवनाजवळ 'आस्वाद'. तिथल्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या एका संस्थेनं जगातला सगळ्यात चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून गौरवलं. आपल्या तिखटाची सवय असलेल्या जिभेला ती जरा गोडसरच वाटते, पण मटकीची उसळ तिकडं गाजते याचं आम्हाला कौतुक वाटलं. इथं रांग असते. नाव लिहून द्यायचं आणि हाक यायची वाट बघायची. पंधरा जणींना एकत्र टेबल मिळणार नाही. चौघी-चौघींचे गट आधीच पाडून ठेवा, आणि प्रत्येक गटात एक तरी बोलकी बाई असू द्या.

दक्षिणेकडचं भातजेवण आवडत असेल तर माटुंगा स्टेशनजवळ 'रामा नायक' यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासूनचं. केळीच्या पानावर वाढतात. पैसे आधी भरून कुपन घ्यायचं. मुंबईत गल्लोगल्ली उडुपी हॉटेलं दिसतील. कर्नाटकातल्या उडुपी भागातली माणसं इथं आली, त्यांनी इडली-डोसा आणि राईस प्लेट मुंबईला दिली. कुठलंच नाव आठवलं नाही, तर डोळे झाकून उडुपीत शिरावं. इडली वाफवलेली असते, तेल नाही, तिखट नाही. वयस्कर बायकांना आणि गोळ्या घेणाऱ्यांना सकाळी तीच बरी.

आता आत शिरल्यावर काय? भावाचा फलक किंवा कार्ड आधी बघायचं. कार्ड इंग्रजीत असेल तर वेटरला सरळ म्हणायचं, "दादा, राईस प्लेट कितीला? त्यात काय काय येतं?" राईस प्लेट म्हणजे ठरलेलं ताट: पोळ्या किंवा पुऱ्या, एक-दोन भाज्या, आमटी, भात. 'लिमिटेड' असेल तर पुन्हा वाढत नाहीत, वर काही मागितलं तर पैसे लागतात. 'अनलिमिटेड' म्हणजे पोटभर, पण एका ताटात दोघींनी जेवलेलं चालत नाही. तशी पाटीच लावलेली असते, आणि त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. ज्यांचं खाणं कमी त्यांनी लिमिटेड घ्यावं. वेटरनं "पाणी साधं की बिसलेरी?" विचारलं तर साधं म्हणायला लाजू नका. बाटली फोडून ठेवली की तिचे पैसे बिलात येतात, आणि हॉटेलात बाटलीचा भाव छापील किमतीपेक्षा जास्त असू शकतो.

बिल आलं की वाचायचं. आपण बचत गटाच्या बाया, रुपयाचा हिशेब वहीत लिहिणाऱ्या. मग इथंच का डोळे झाकायचे? चारशे रुपयांचं जेवण झालं तर अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा असा मिळून वीस रुपये कर, एकूण चारशे वीस. काही लहान हॉटेलं कराच्या कंपोझिशन योजनेत असतात. त्यांनी गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घ्यायचा नसतो, आणि तसं त्यांच्या बिलावर लिहिलेलं असतं. याशिवाय "सर्व्हिस चार्ज" म्हणून काही लावलं असेल, तर तो देणं बंधनकारक नाही. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश काढले, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते योग्य ठरवले. नम्रपणे "हे काढून द्या" म्हणायचं. एका ठिकाणी आमच्या ताईंनी असं म्हटल्यावर गल्ल्यावरच्या माणसानं आधी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग त्यांनी ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फोनवर लावायला घेतला, आणि बिल लगेच नवीन आलं. बिलावर चौदा आकड्यांचा अन्न परवाना क्रमांकही असतो. आपल्या पापड-मसाल्याच्या पाकिटावर आपण छापतो तोच. जेवण खराब निघालं आणि तक्रार करायची झाली, तर तो क्रमांक लागतो. म्हणून बिल जपून ठेवायचं. परत आल्यावर प्रवासखर्चाच्या हिशेबालाही तेच लागतं.

शिवभोजन थाळीबद्दलही बऱ्याच जणी विचारतात. २६ जानेवारी २०२० ला ही दहा रुपयांची थाळी सुरू झाली: दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात. आपल्या भागातली काही केंद्रं बचत गटांनीच चालवलेली तुम्हाला माहीत आहेत. मुंबईतही मिळते, पण फक्त दुपारी, आणि ठरलेल्या थाळ्या संपल्या की संपल्या. केंद्र चालू आहे का, ते तिथल्या माणसांना विचारूनच जा.

इथं थोडं थांबून एक गोष्ट सांगाविशी वाटते. परगावच्या माणसाला मुंबईत कोण जेवू घालतं, हा प्रश्न आजचा नाही. गिरणगावात कोकणातून, साताऱ्या-सांगलीकडून हजारो गडी गिरणीत कामाला आले. बायका-पोरं गावी, खोलीत दहा-दहा जण. त्यांना जेवण मिळायचं ते खानावळवाल्या बायकांकडं. एका खोलीत चूल, दोन वेळा तीस-चाळीस ताटं. गडी महिन्याला पैसे देणार, आणि तोवर किराणा उधारीवर, सावकाराच्या व्याजावर. रात्रंदिवस राबून हातात काही उरायचं नाही. या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली एकत्र केलं, अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तेव्हा बचत गट हा शब्दही आपल्याकडं नव्हता. १९८२ चा गिरणी संप झाला, गिऱ्हाईकच संपलं, तेव्हा त्यांनी कचेऱ्यांना जेवण पुरवायला सुरुवात केली. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली. परिषदेत मुंबईच्या गटाच्या बाया भेटतील तेव्हा जरूर विचारा, की तुमच्यातलं कुणी डबे करतं का? आमच्या एका खेपेला अशा ओळखीतूनच रात्रीचे बारा डबे लॉजवर आले. भाकरी, पिठलं, ठेचा. हॉटेलापेक्षा कमी पैशात, आणि पैसे गेले ते आपल्यासारख्याच एका घरात.

बरोबर काय न्यायचं ते आता पटकन. आपल्या सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी यासारखं प्रवासाचं अन्न दुसरीकडं क्वचित सापडेल. भाकरीत ओल राहत नाही, म्हणून बुरशी धरत नाही. चटणीही कोरडी, आठ दिवस टिकते. धपाटे पहिल्या दिवशीच संपवा, मुंबईच्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी वास येतो. दशम्या दुधातल्या असतील तर त्याही तशाच. प्रत्येकीच्या पिशवीत मूठभर गूळ-शेंगदाणे, दोन लिंबं, मीठ-साखरेची पुडी, आणि स्वतःची पाण्याची बाटली. साखरेची, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी आपल्या शेजारणीला सांगून ठेवायचं, की मला ही गोळी आहे आणि मला या वेळेला खायला लागतं. आणि सभागृहात भाषण चालू असलं तरी वेळ झाली की उठून बाहेर जायचं, खायचं आणि परत येऊन बसायचं. भाषण करणाऱ्यानं सकाळी नाष्टा केलेला असतो.

संडासाची चिंता म्हणून पाणी सोडू नका. सभागृहात, मोठ्या उडुप्यात, स्टेशनात स्वच्छतागृह असतं. हॉटेलात जेवणार असाल तर आत शिरतानाच विचारून घ्यायचं.

पैशाचं असं करू. प्रत्येकीनं वेगळं बिल भरायला गेलं की गोंधळ होतो, आणि जिच्याकडं कमी असतात ती गप्प बसून उपाशी राहते. म्हणून निघण्याआधी सगळ्यांनी सारखे पैसे एका पिशवीत जमा करायचे. दोघी कोषाध्यक्ष, दोन वह्या. नाष्टा, रात्रीचं जेवण, चहा सगळं त्यातून. उरले तर परत वाटून घ्यायचे. मासळीची थाळी ज्यांना हवी त्यांनी वरचे पैसे आपले घालायचे, म्हणजे शाकाहारी बायकांची कुरकूर नको.

परतीची गाडी रात्री उशिरा सीएसएमटीहूनच आहे. शनिवारी परिषद पाचला संपली तरी दादरच्या खरेदीत आठ वाजवू नका. साडेसातपर्यंत स्टेशनच्या भागात या, आठला जेवायला बसा. गाडीत जागरण होणार, म्हणून इडली किंवा वरणभातासारखं हलकं खा. कुर्डुवाडीला पहाटे उतरायचं आहे, आणि तिथून पहिली एसटी येईपर्यंत चहाशिवाय काही मिळत नाही. तेव्हा पिशवीतल्या दोन कडक भाकऱ्या त्या वेळेसाठी राखून ठेवा. जमा करायच्या रकमेची आणि गटवारीची यादी येत्या मंगळवारच्या बैठकीत करू. ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांनी त्या दिवशी चिठ्ठी बरोबर आणा.